माझ्या अंगात देवी आली नव्हती

चांदवडच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली तेव्हा नानांनी माझी ट्रंक मागच्या सीटखाली सरकवली आणि कंडक्टरला जरा दटावूनच सांगितलं, "पोर सीबीएस स्टँडला उतरंल, ध्यान ठेवा." आई खिडकीखाली उभी होती. उंची कमी, म्हणून टाचा उंचावून बोलत होती. "लागलं तं मागून घे, पण पोटाला चिमटा काढू नको," हे तिनं पुन्हा पुन्हा सांगितलं. मी मान डोलावत होते, पण गाडी एकदाची कधी सुटते याचीच मला घाई झाली होती. शाळेत दहावीला पहिली आलेली पोर मी, नाशिकला सायन्सला निघाले होते. शेजारी कांद्याच्या पातीची जुडी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईकडे मी तेव्हापासूनच शहरातल्या माणसासारखी बघायला लागले होते.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी. गल्लीत राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या नाशिक-पुणे-ठाण्याला पांगलात त्यांच्यासाठीही. त्या नवरात्रातल्या आरतीला तुमच्यातल्या बऱ्याच जणी हजर होत्या. काहींनी माझ्या पायावर डोकं ठेवलं होतं. गेल्या दिवाळीत तुमच्यातल्याच एकीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तव्हा खरंच वारं आलं व्हतं का गं तुझ्या अंगात?" तिची मुलगी आता नाशिकला हॉस्टेलवर असते, रोज फोनवर "भूक नाही" म्हणते आणि दर सुट्टीला आणखी वाळून येते. तेव्हाच ठरवलं की ही गोष्ट पहिल्यापासून, नीट सांगायची. त्यात लाजण्यासारखं काही नाही. टायफॉइड झाला असता तर लपवला असता का?

नाशिकला मी आत्याकडे राहायचे, पंचवटीत. आत्या म्हणजे नानांची धाकटी बहीण. बोलायला लागली की कुकरची शिट्टी झाल्याशिवाय थांबायची नाही. तिनं मला पोटच्या पोरीसारखं ठेवलं. पण कॉलेज हा वेगळाच मुलूख होता. फिजिक्सचे सर इंग्रजीतून शिकवायचे आणि मला इंग्रजी वाचता यायचं, ऐकून कळायचं नाही. पहिल्या चाचणीत मी वर्गाच्या मधोमध कुठेतरी सापडले. मधोमध असणं कसं असतं हे मला माहीतच नव्हतं. मुली केस मोकळे सोडून कॉलेज रोडवर आइस्क्रीम खात हिंडायच्या, मी दोन वेण्या घालून बसची वाट बघायची. मला कुणी छळलं नाही. तशी कुणी फारशी दखलही घेतली नाही.

लोकांना वाटतं, कुणीतरी "जाडी" म्हटलं असेल आणि पोरीनं ते मनाला लावून घेतलं असेल. माझ्या गोबऱ्या गालांवरून बोलायचे खरं. पण एका शब्दानं कुणी अन्न सोडत नाही हो. झालं ते इतकंच, की एका गुरुवारी मी आत्याबरोबर उपास धरला. कामावर जाण्याआधी तिनं भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली, ती मी खाल्ली नाही. संध्याकाळी मला चक्क जिंकल्यासारखं वाटलं. आत्याला जे जमत नाही ते मला जमलं. नाशिकमध्ये मला जमलेली ती पहिली गोष्ट होती, म्हणून मी ती घट्ट धरून बसले.

आणि आपल्याकडे उपास म्हटला की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. दुसऱ्या मुलींना जेवण टाळायला बहाणे शोधावे लागत असतील, मला पंचांग पुरेसं होतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर चतुर्थी आणि एकादशी. आत्या शेजारणींना कौतुकानं सांगायची, "आमचं सगळं एकादशी अन् दुप्पट खाशी, आणि ही बघा, पाण्यावर राहते!" ते ऐकून मी आणखी एक वार वाढवायची. एवढ्या देवांना मी वेठीला धरलं, पण खरं सांगते, त्यांच्यापैकी एकाचीही मला तेव्हा आठवण नव्हती. डोक्यात होतं फक्त अन्न. पुस्तक उघडं आणि मनात आत्याची फोडणी. शेजारच्या घरात काय शिजतंय ते मला वासावरून कळायचं. भूक मेलेली नव्हती, उलट रात्रंदिवस डोक्यात बसून होती. पण एक घास जास्त गेला तर आपण कुणीच राहणार नाही, अशी काहीतरी भीती त्या भुकेच्या उरावर बसलेली. आरशात मला माझे फक्त गाल दिसायचे, गालांखालची वर आलेली हाडं दिसायची नाहीत. आज तेव्हाचा एखादा फोटो बघते तेव्हा नवल वाटतं, की हे मला कसं दिसलं नसेल? पण नव्हतं दिसत. डोळे शाबूत होते, दिसणंच बिघडलं होतं.

पहिल्या दिवाळीला चांदवडला आले तर गल्लीभर कौतुक. "नाशिकचं पाणी मानवलं हो पोरीला, कशी छान बारीक झाली!" पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतलं कौतुक जरा चाचरत होतं. तोवर माझी पाळी थांबली होती, केसांचे पुंजके फणीत यायचे आणि ऐन उन्हाळ्यात मी स्वेटर घालून बसायची. आईनं विचारलं की अभ्यासाचा ताण म्हणायची. "देवाचं करती, देव काय वाईट करील का?" आई स्वतःचीच समजूत घालायची. तिचं तरी काय चुकलं? लग्न होऊन आल्यापासून तिनं स्वतः कधी सोमवार सोडला नव्हता, की चतुर्थी. उपाशी बाईचं पोर उपाशी राहिलं तर त्यात कुणाला वावगं दिसणार?

त्याच वर्षीचं नवरात्र. आमच्या घरी घट बसतात आणि नऊ दिवसांचे उपास घरातलं एक माणूस धरतं, बाकीच्यांचा नुसता उठता-बसता, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या दिवशी. ते नऊ दिवस त्या वर्षी मी आईकडून मागून घेतले. आईला कोण अभिमान! गल्लीत सांगून आली.

अष्टमीची आरती आमच्याकडे होती. पुढची खोली बायकांनी खच्चून भरलेली, कापराचा धूर, बाहेर संबळ वाजत होता. मी ताम्हन घेऊन उभी होते. आधी पायांतलं बळ गेलं, मग दात वाजायला लागले आणि मी उभ्या जागी डुलायला लागले. कुणीतरी ताम्हन काढून घेतलं. शेजारच्या काशीकाकू ओरडल्या, "आई आली गं! पोरीच्या अंगात आई आली!" झालं. मला पाटावर बसवलं, केस मोकळे सोडले, कपाळभर मळवट भरला, ओटीत तांदूळ पडले. बायका पाया पडायला लागल्या. एकीनं लेकीच्या लग्नाचं विचारलं, एकीनं घरातल्या आजारपणाचं. मी काय बोलले मला आठवत नाही. म्हणतात, मी "नको, नको" म्हणाले. त्याचाही अर्थ लावला गेला, की देवीला नुसता नारळ नको, साडी पाहिजे. आज हे सांगताना मला हसू येतं, पण त्या पाटावर मी मरायला टेकले होते.

मग आई पाया पडायला आली. तिनं दोन्ही हातांनी माझी पावलं धरली, डोकं टेकवलं आणि मग ती उठलीच नाही. हात तसेच पावलांवर. हळूहळू ते घोट्यावर आले, मग पोटरीवर. जन्मल्यापासून ज्या पायांना तिनं तेल चोळलं होतं ते पाय बर्फासारखे गार होते आणि पोटरीला धरायला मांस नव्हतं. ती उभी राहिली आणि माझ्या कपाळावरचा मळवट पदरानं खसाखसा पुसायला लागली.

"ए, काय करती!" काशीकाकू घाबरल्या. "कोप व्हईल देवीचा!"

"आई नाय आली," आई म्हणाली. एरवी पुरुषमाणसांसमोर जिचा आवाज निघत नाही ती माझी आई बाहेरच्या संबळवाल्याला ऐकू जाईल एवढ्यानं बोलली. "ही माझी पोर हे. आन ती उपाशी हे. कोप व्हईल तं माझ्यावर व्हईल. सरका!"

संबळ थांबला. तुमच्यातल्या काही जणी तेव्हा रागावून निघून गेल्या, पुढे बरेच दिवस आमच्या घरची पायरी चढल्या नाहीत. माझा त्यांच्यावर राग नाही. पण मला विचाराल तर त्या आरतीत देवी कुठे असेलच, तर पाटावर नक्की नव्हती.

नानांनी शेजारची जीप काढली. चांदवडच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि तसंच नाशिकला पाठवलं. दवाखान्यात आधी कावीळ शोधली, मग टीबी शोधला, जंत शोधले. नातेवाइकांनी बाहेरची बाधा शोधली. काहीच निघेना, तेव्हा एक तरुण डॉक्टर बाई आल्या. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या आणि कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "तुला जेवायची भीती वाटते का गं?" मी रडायलाच लागले. इतके दिवस सगळे विचारत होते की भूक का लागत नाही.

त्या मनाच्या डॉक्टर आहेत हे कळल्यावर नाना उभेच राहिले. "बाई, माझी पोर येडी नाय."

"मी कुठं वेडी म्हटलं?" त्या म्हणाल्या. "नाना, बसा. या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया म्हणतात. हा हट्ट नाही, नखरा नाही आणि देवाधर्माचाही यात दोष नाही. उपासाचा फक्त आडोसा झाला. हिला भूक लागते, पण तिचं मन तिला जेवू देत नाही. आणि आता शरीर इतकं थकलंय की विचारही सरळ चालत नाहीत. आधी अन्न पोटात जाऊ दे, मग मी हिच्याशी बोलेन."

अन्न पोटात जाऊ दे म्हणताच आमच्याकडून डिंकाचे लाडू, तूप, शिरा सगळं यायला लागलं. बाईंनी ते हात जोडून परत पाठवलं. इतकं उपाशी शरीर एकदम भरलं तर तेही जिवावर बेततं, म्हणाल्या. थोडं थोडं, डॉक्टरांच्या नजरेखाली वाढवायचं. घरी सोडताना त्यांनी अट घातली की उपचारांसाठी नाशिकलाच राहायचं आणि प्रत्येक जेवणाला कुणीतरी समोर बसायला हवं. रागवायचं नाही, लाडीगोडी लावायची नाही, पण ताट संपल्याशिवाय उठायचंही नाही. असं बसणार कोण? आत्या नोकरी करायची.

"मी येती," आई म्हणाली.

बघा, आम्ही गाव सोडणाऱ्या मुली आमच्या निघण्याच्या गोष्टी किती रंगवून सांगतो. पण माझ्या आईनं चांदवड सोडलं ते तिच्या चाळिशीत, कांद्याची लागवड तोंडावर असताना, नवऱ्याला आणि माझ्या भावाला चुलीपाशी सोडून. नाना तिकडे खिचडी करायला शिकले. आईनं आत्याच्या घराजवळच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, स्टोव्ह मांडला आणि खिडकीत तुळस ठेवली. तिला निरोप द्यायला स्टँडवर कुणी टाचा उंचावून उभं नव्हतं.

पहिला सोमवार आला. आईनं माझ्यापुढे वरण-भात-भाजी ठेवली आणि स्वतः रिकाम्या हातानं बसली. "तुझे समदे उपास मी घेतले," ती म्हणाली. "गंगेवर जाऊन देवाला सांगून आले. तुझा सोमवार मी धरला, गुरुवार, शनिवार, समदे. आता तुझ्यावर कुणाचं कायबी नाय. जेव." आपल्याकडे असं चालतं. आजारी माणसाचा उपास घरातलं दुसरं कुणी धरतं. आईला वाटलं, तिनं वाट मोकळी केली. पण मला काय वाटलं असेल? माझ्या हातातली एकमेव गोष्ट आईनं काढून घेतली होती आणि माझ्यासमोर तीच माझ्याहून कडक उपास करत होती. घास तोंडात फिरायला लागला. मी खाते आणि ती उपाशी, या विचारानं मला गिळवेना. हेवाही वाटायचा तिचा, तोही सांगून टाकते. आठवड्यात वजन वाढायचं सोडून उतरलं.

डॉक्टर बाईंनी आईला आत बोलावलं. मीही होते. "मावशी, या घरात आता कोणीच उपास करायचा नाही," त्या म्हणाल्या. "हिनं नाही आणि तुम्हीही नाही. तुम्ही हिच्याबरोबर जेवायचं. तेच, तेवढंच, त्याच वेळेला."

"मी? सोमवारी?" आरतीत देवीच्या कोपाला न भ्यालेली बाई इथे भ्याली. लग्नाच्या आदल्या वर्षापासून धरलेले सोमवार, आम्हां पोरांसाठी धरलेल्या चतुर्थ्या. तिच्या मते आमच्या घरादाराची खुशाली त्यावरच उभी होती. ती उठून घरी आली. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. पुढे एका ब्राह्मणाला विचारून तिनं सगळ्या व्रतांचं एकदमच उद्यापन उरकलं, सवाष्णी जेवू घातल्या, देवाची रीतसर रजा घेतली. काम कसं नीट करायचं ते तिच्याकडून शिकावं.

आणि मग तो सोमवार. दोन ताटं, दोन्हींत पोळी, मेथीची भाजी, वरण-भात. आई घास हातात घेऊन बसून राहिली. मीही बसून राहिले. कोण आधी खाणार? आईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिनं डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. मग दुसरा. मग जरा वेळानं ओशाळं हसून म्हणाली, "सोमवारी दुपारी येवढी भूक लागती, हे मला म्हाईतच नव्हतं गं." इतकी वर्षं ती उपाशी होती आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. मी घास घेतला. तिच्यासाठी घेतला, माझ्यासाठी नव्हे. पण सुरुवातीला तेवढंही चालतं.

ते दिवस सोपे होते असं मी म्हणणार नाही. मी ताट भिरकावलं आहे. आईला नको नको ते बोलले आहे. ती भिंतीवरची भाजी पुसायची, पुन्हा वाढायची आणि समोर बसायची. डॉक्टर बाईंकडे जाऊन मी बोलायला शिकले, की मी कशाला घाबरते, मधोमध असणं मला का सोसत नाही. एक वर्ष बुडालं. पाळी परत आली त्या दिवशी आईनं गुळाचा शिरा केला. मधल्या काळात आई नाशिककरीण झाली. बुधवारच्या बाजारात भाव पाडायची, सिटी बसच्या कंडक्टरला सुट्ट्या पैशांवरून गप्प करायची, चतुर्थीला शेजारणीनं उपास विचारला की ठणकावून सांगायची, "माझं उद्यापन झालंय." मी घाबरून गप्प राहिले असते अशा शहरात ती वर्षभरात पाय रोवून उभी राहिली. मला आजही कुणी विचारलं की शहरात राहायला कशी शिकलीस, तर मी कॉलेजचं नाव घेत नाही.

नंतरही एकदा घसरले. नोकरीच्या पहिल्या वर्षी, ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले तेव्हा. पण या खेपेला मला खुणा माहीत होत्या. मी स्वतःच डॉक्टर बाईंना फोन केला आणि डबा घेऊन स्टाफरूममध्ये चारचौघींत बसायला लागले. आज मी बरी आहे. बरी आहे म्हणजे जेवते, आणि जेवल्यावर विसरून जाते. माझ्या वर्गात गावाकडून आलेली एखादी पोर स्वेटर घालून बसलेली दिसली की मी तिला बाजूला घेते आणि तोच प्रश्न विचारते, भुकेचा नाही, भीतीचा. तुमच्या पोरींनाही तोच विचारा. आणि त्यांच्या बारीक होण्याचं कौतुक जरा आवरा. लवकर दवाखान्यात न्या. नवस, उतारा सगळं नंतर करा, देव काही पळून जात नाही.

तुझं घर कुठलं, नाशिक की चांदवड, असं मला अजून विचारतात. नाशिकला माझं घर आहे, नवरा आहे, कर्ज काढून घेतलेला फ्लॅट आहे, रेशनकार्ड आहे. चांदवडला आई परत गेली आहे. दोन्हीकडे मला कुणी ना कुणी वाढतं. पण खूप वर्षं, जिथे जाईन तिथे, वाढणाऱ्याची नजर माझ्या ताटावर असायची. प्रेमानंच असायची. आत्याची, नाना तर चोरून बघायचे, आणि आईची सगळ्यांत जास्त. आजारी असताना त्या नजरेनं मला वाचवलं, पण त्या नजरेखाली मी पाहुणीच राहिले. घर म्हणजे ती नजर उठून जाते ती जागा, हे मला या उन्हाळ्यात कळलं.

कांदा काढणीचे दिवस. मी एकटीच चांदवडला गेले होते. दुपारी आईनं बाजरीच्या भाकरी केल्या, लसणाची चटणी, वांग्याचं भरीत. आम्ही बसणार तेवढ्यात कांदा न्यायला टेम्पो आला आणि आई पदर खोचून तरातरा खळ्यात निघून गेली. ना "खाऊन घे" म्हणाली, ना मागं वळून बघितलं. बाहेरून तिचा हमालांवर ओरडण्याचा आवाज येत होता. मी एकटी बसले. भाकरी घेतली, भरीत घेतलं, मग आणखी घेतलं. काही ठरवलं नाही, काही मोजलं नाही, खात गेले.

टेम्पो गेल्यावर आई घामाघूम होऊन आत आली, हात धुतले, टोपली उघडली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अगं बया! समद्या संपवल्या? मी काय खाऊ आता? लय भूक लागली मला!"

ती खरंच चिडली होती. तिच्या लक्षातही आलं नाही ती काय बोलली ते, आणि मीही सांगितलं नाही. परात ओढली, पीठ घेतलं आणि आईसाठी भाकरी थापायला बसले.